मुंगसा, तोंड दाखव

हिवाळ्यात आमच्या मागच्या अंगणात ऊन कसं फिरतं, ते मला आता पाठ झालं आहे. सकाळी ते आधी लिंबाच्या बुंध्याशी येतं, मग कपडे धुवायच्या दगडावर, जेवणाच्या सुमारास पेरूखाली, आणि दुपार कलली की कंपाउंडच्या भिंतीला चिकटून निघून जातं. आमची बाज त्याच्यामागे सरकत असते. इतवारीच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून मला दुसरं काम उरलेलं नाही. मी बाज सरकवतो, संत्री सोलतो आणि ज्याच्या-त्याच्यावर चिडतो. बायको म्हणते, यातलं चिडायचं काम तेवढं जुनं आहे, बाकीची दोन नवीन लागली.

अंगणाकडच्या खिडकीला कूलर आहे. दिवाळी झाली की त्याच्या गवताच्या ताट्या काढायच्या, टाकी कोरडी करायची आणि होळीपर्यंत तो बांधून ठेवायचा, हे आमच्या लेआउटमध्ये घरोघरी चालतं. आमचा कूलर मी एका जुन्या फ्लेक्सनं बांधतो. त्यावर कोण्या उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आहे. निवडणुकीत तो पडला, पण फ्लेक्स पक्का निघाला. आमची मांजरी रोज त्याच्या कपाळावर अंग मुडपून झोपते. तिला घरात कोणी आणलं नाही. ती स्वतःच आली आणि राहिली, आणि आम्ही भाडेकरू असल्यासारखी आमच्याकडे पाहते.

पण अंगणाचा मालक म्हणजे पोट्टा. आमच्याकडे कोणत्याही पोराला पोट्टा म्हणतात, आमच्या कुत्र्याचं मात्र ते नावच होऊन बसलं. लेक शिकायला बाहेरगावी गेली त्या वर्षी बायको माहेरी उमरेडला गेली होती. येताना एसटीतून, भाजीच्या पिशवीत घालून, एक तांबूस पिल्लू घेऊन आली. मी दारातच विचारलं, "हा कोणाचा पोट्टा उचलून आणला वं?" नाव ठेवू, चांगलंसं नाव ठेवू म्हणता म्हणता तेच राहून गेलं. गावठी जात, एक कान उभा, एक पडलेला. मी दुकानातून त्याच्यासाठी एक जाड जर्मनचं पातेलं आणलं, ॲल्युमिनियमला आमच्या धंद्यात जर्मनच म्हणतात. त्याला पोचे पडले, पण ते त्याला शेवटपर्यंत पुरलं.

भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट आहे. त्याचा मालक कुठे असतो ते कोणालाच माहीत नाही. तिथे बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि त्यांत मुंगसं राहतात. पावसाचं पाणी जावं म्हणून आमच्या भिंतीला खालून एक भोक ठेवलं आहे, त्यातून एक मुंगूस सकाळ-दुपार आमच्याकडे येतं. कुंड्यांमागच्या पाली शोधतं, पातेल्याशी सांडलेली शितं खातं आणि आल्या वाटेनं जातं. इतकी वर्षं एकच मुंगूस येत असेल असं नाही. बापामागून मुलगा, मुलामागून नातू येत असेल, पण आमच्या लेखी ते एकच.

आता बायकोची गोष्ट. मुंगूस दिसलं की मराठी घरातलं पोर काय म्हणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव, तुला शपथ आहे. मग ते मागे वळून पाहतं, आणि त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. आमच्या बायकोनं उमरेडला फ्रॉकमध्ये असताना हे म्हणायला सुरुवात केली आणि साठीला आली तरी सोडलेलं नाही. हातात कणीक असो की धुणं, मुंगूस दिसलं की ती आहे तिथे थांबते आणि लहान पोरीच्या आवाजात शपथ घालते. ते वळूनही पाहतं. माणसाचा आवाज आला की कोणतंही जनावर वळून पाहील, त्यात शपथेचा काय संबंध, हे मी तिला अनेकदा समजावून सांगितलं. तिनं दरवेळी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ घातली.

पोट्ट्यानं हे शब्द पिल्लू असतानाच उचलले. तो समोरच्या खोलीत झोपलेला असला तरी बायकोच्या तोंडून 'मुंगसा' निघालं की पाठीवरचे केस उभे करून मागच्या दाराकडे धावायचा. नखं फरशीवर घसरायची, वळणावर एकदा हमखास पडायचा, मग अंगणात येऊन असा भुंकायचा की पेरूवरचे पोपट उठायचे. तोवर बायकोला तोंड दाखवून झालेलं असायचं आणि मुंगूस भोकातून पसार. मग पोट्टा भोकाशी नाक लावून दोनदा फुसफुसायचा आणि छाती काढून परत यायचा. सगळ्यांचं समाधान व्हायचं. फक्त माझीच झोपमोड व्हायची.

मी स्वतः मात्र ते शब्द कधी उच्चारले नाहीत. ज्याच्या एका हाकेला भर इतवारीत हमाल पाटी टाकून यायचे, त्या माणसानं मुंगसाच्या विनवण्या करायच्या? बायको चिडवायची, "एकदा म्हणून तं पाहा, जीभ नाई झडत." मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो.

या हिवाळ्याच्या तोंडाशी पोट्ट्याचं भुंकणं बदललं. ते घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. जन्मभर मी भांडी बोटानं वाजवून विकली. चीर गेलेलं भांडं दिसायला कितीही धड असो, वाजवलं की कळतंच. एका सकाळी पोट्टा मुंगसावर भुंकला आणि मला त्या आवाजात चीर ऐकू आली. थंडी आहे, घसा बसला असेल, असं स्वतःला सांगत राहिलो.

डोळ्यांवर सारा, म्हणजे तो धुरकट पडदा, तर मागच्याच वर्षी आला होता. दिवाळीनंतर डोळे पूर्ण पांढरे झाले. मग मागचे पाय गेले. म्हणजे होते, पण त्याचं ऐकत नव्हते. उठायला गेला की पुढचं अंग उठायचं आणि मागचं तिथेच राहायचं. लेकीचा शाळेतला जुना स्वेटर बायकोनं बाह्या कापून त्याला घातला. निळ्या स्वेटरात तो बाजेशेजारी गोधडीवर पडून राहायचा, आणि ऊन सरकलं की मी एका हातानं बाज ओढायचो आणि दुसऱ्या हातानं गोधडी. मांजरी फ्लेक्सवरून उतरून त्याच्या पोटाला चिकटून झोपायला लागली. बायकोच्या डोळ्यांना लगेच पाणी. "पाहा, तिले बी समजते," ती म्हणाली. मी म्हटलं, "काही समजत नाई तिले. शेगडी सापडली तिले फुकटची. थंडी सरली की जाईल निघून." मला त्या मांजरीचा रागच आला होता.

पण खरं म्हणजे आमच्या आधी सगळ्या अंगणाला समजलं होतं. खार आधी पेरूवरून नुसती ओरडायची. ती खाली उतरून त्याच्या पातेल्यातला भात पुढच्या दोन पायांत धरून खाऊ लागली, तेही त्याच्याकडे पाठ करून. सातभाई पक्ष्यांची टोळी त्याच्या गोधडीभोवती कलकलाट करत पानं उलटी करायची. एका कावळ्यानं तर त्याची शेपटी ओढून पाहिली. मी चप्पल फेकली, ती लिंबात जाऊन अडकली. आणि ते मुंगूस! ते भोकातून निवांत यायचं आणि त्याच्या नाकावर टिच्चून, अगदी वीतभर अंतरावरून चालत जायचं. पोट्ट्याला वास यायचा. नाक हलायचं, मान इकडेतिकडे फिरायची, आणि मग तो भुंकायचा तो भलत्याच दिशेला, कूलरकडे तोंड करून. हात जोडलेल्या उमेदवाराला भुंकून तो दमायचा आणि मुंगूस शांतपणे शितं टिपत राहायचं.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी उठून पाय आपटायचो, हाड हाड करायचो, दुसरी चप्पल फेकायचो. मुंगूस भोकात शिरलं की आम्ही दोघंही पोट्ट्याजवळ जायचो. "पळवलं रे, पळवलं. शाब्बास पोट्ट्या," मी त्याच्या डोक्यावर थापटून म्हणायचो. त्याची शेपटी गोधडीवर आपटायची. छाती काढायला त्याला जमायचं नाही, पण पडलेला कान थोडा उभा व्हायचा. असं आमचं बरेच दिवस चाललं. बायको शपथ घालायची, मी मुंगसाला हाकलायचो आणि नाव पोट्ट्याचं करायचो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी यायच्या. लेकीपेक्षा लहान मुलगी, पण हात हलका. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "काका, किडन्या थकल्या आहेत. वय झालंय त्याचं." सलाईन लावायचं ठरलं. पेरूच्या फांदीला मी दोरीनं बाटली टांगायचो, बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, आणि खार वरून खाली येत त्या बाटलीपाशी थांबून वाकून पाहायची. ऊन असायचं, संत्र्याच्या सालींचा वास असायचा. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय मजेत बसलेत लोक.

शेवटच्या बाटलीच्या दिवशी डॉक्टरीणबाई हात धुऊन मला फाटकापर्यंत घेऊन गेल्या. "जोपर्यंत खातोय तोपर्यंत राहू द्या," त्या म्हणाल्या. "खाणं बंद झालं की मला फोन करा, काका. मग ठेवण्यात अर्थ नाही. इंजेक्शन देऊ, झोपेत जाईल. त्याला कळणारही नाही." मी बरं म्हटलं. धंद्यात मी आयुष्यभर बरं म्हणत आलो आहे, इतकं जड ते कधीच लागलं नव्हतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "तो खाऊन राहिला ना?" तिनं विचारलं. "मंग विषय संपला." हैदराबादहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला फोनवर पोट्टा दाखवला. ती रडली आणि म्हणाली, "बाबा, त्याचे हाल नका करू. तुम्ही धीट व्हा थोडं." धीट व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिनं सांगितलं नाही. ज्यांना कुत्रा नाही असे शेजारीसुद्धा येऊन सल्ला देऊन गेले. सगळ्यांना सगळं समजत होतं. मला एकट्यालाच काही समजत नव्हतं. मी बाज सरकवत होतो.

आणि मग त्यानं खाणं सोडलं. बायकोनं दूधभाकरी कुस्करून दिली, मऊ खिचडी दिली, अंडं उकडून दिलं. तो वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. मी पातेलं बोटानं वाजवलं. डोळे गेल्यापासून त्या आवाजावरच तो पातेल्याकडे यायचा. त्याचा कान हलला, पण तोंड उघडलं नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी खिशातल्या फोनला हात लावला आणि हात तसाच मागे घेतला.

तेवढ्यात तिनं एकदम वेगळ्या आवाजात म्हटलं, "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव, तुले शपथ आहे." मी भोकाकडे पाहिलं. तिथे मुंगूस नव्हतं. अंगणात कुठेच नव्हतं.

पोट्टा उठला. कसा उठला ते त्यालाच माहीत. पुढच्या पायांवर उभा राहिला, मागचं अंग ओढलं, आणि भुंकला. तीनदा भुंकला. बायकोनं त्याला कवटाळलं, "पळालं माय ते, पळालं, केवढं घाबरलं," असं म्हणत त्याच्या तोंडाशी खिचडीचा घास धरला, आणि त्यानं तो खाल्ला. मग आणखी चार घास. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "खाल्लं त्यानं. फोन नाई करायचा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं शपथ घातली तेव्हा त्याला उठायला फार वेळ लागला. दोनदा पडला. पांढऱ्या डोळ्यांनी तो भिंतीपर्यंत मुंगूस शोधत गेला आणि तिथेच भिंतीला डोकं टेकवून धापा टाकत उभा राहिला. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"काहून खोटं बोलून राहिली त्याच्याशी?" मी ओरडलो. "आंधळा झाला म्हणून वेड्यात काढतं का त्याले? काही नसताना उठवतं, पाडतं!"

"तुम्ही चप्पल मारून पळवत होते अन् त्याले सांगत होते, तू पळवलं," ती म्हणाली. "ते खरं होतं का?"

"तेव्हा मुंगूस तं होतं!"

"मंग आणा ना मुंगूस," ती म्हणाली. तिचा आवाज चढलाच नाही. "मले बी खरं बोलायचं आहे. आणा."

ती आत गेली. मी पोट्ट्याला उचलून गोधडीवर ठेवलं. तो इतका हलका झाला होता की मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं. त्यानंतर तिनं शपथ घातली नाही. मी बंदी घातली म्हणून नाही, तिच्यानं होईना म्हणून.

आता मुंगूस आणायचं म्हणजे काय? ते काय दुकानात मिळतं? आणि एरवी दिवसातून दोनदा तोऱ्यात येणारं ते जनावर नेमकं तेव्हाच दिसेनासं झालं होतं. आभाळ भरून आलं होतं, ऊनच नव्हतं, दातावर दात वाजत होते. मी कोपऱ्यावरच्या किराण्यातून अंडी आणली आणि एक अंडं भोकाशी नेऊन ठेवलं. ते कावळ्यानं फोडलं. दुसरं ठेवलं, ते भारद्वाजानं नेलं. तिसऱ्यावर मी स्वतः पाळत ठेवून बसलो, तर आमच्याच मांजरीनं त्याला पंजा मारून घरंगळत नेलं. मग मी स्टूलवर चढून भिंतीवरून प्लॉटमध्ये डोकावू लागलो. शेजारच्या वहिनी गच्चीवर कपडे टाकत होत्या. त्यांनी विचारलं, "काही पडलं का भाऊजी तिकडे?" मी म्हटलं, "मुंगूस शोधून राहिलो." त्यांनी हातातला कपडा परत बादलीत टाकला आणि त्या खाली निघून गेल्या.

ज्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या त्याची अशी वाट पाहायची वेळ माझ्यावर आली. ये रे बाबा, एकदा ये, खा काय खायचं ते. पोट्टा काही खात नव्हता. पाणी मी चमच्यानं पाजायचो. फोन खिशात होता. मी तो काढायचो, डॉक्टरीणबाईंचा नंबर पाहायचो आणि परत ठेवायचो. घरात आम्ही दोघंही पाय न वाजवता चालत होतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आभाळ मोकळं झालं. आसपासच्या गच्च्यांवर पोरं चढली होती, पतंग दिसत होते, मधूनच 'ओ काट'चा गलका उठत होता. दुपारी मी पोट्ट्याची गोधडी पेरूखालच्या उन्हात ओढली. मांजरी आली आणि त्याच्या पोटाशी वळली. मी ताटली मांडीवर घेऊन संत्रं सोलत बसलो. बायको आत लाडवांचे तीळ मिक्सरमधून काढत होती. आमचा मिक्सर जुना आहे. तो चालू असला की समोरच्या दाराची बेलसुद्धा घरात ऐकू येत नाही.

भोकात आधी नाक दिसलं. मग डोकं, मग ते लांबलचक अंग. मुंगूस इकडेतिकडे न पाहता सरळ पातेल्याशी आलं आणि सकाळच्या वाळलेल्या खिचडीत त्यानं तोंड घातलं. पोट्ट्यापासून हातभर अंतरावर. पोट्ट्याचं नाकसुद्धा हललं नाही.

बायकोला हाक मारावी तर मुंगूस पळालं असतं. उठून तिला बोलवायला जावं तरी पळालं असतं. आणि मिक्सर काही थांबत नव्हता. मी वाट पाहिली. मग माझ्या लक्षात आलं की म्हणणारा आता मीच आहे.

घसा खाकरायची सोय नव्हती. मी हळूच म्हटलं, "मुंगसा..." आणि थांबलो. पुढचे शब्द मला येत होते, जन्मापासून येत होते. "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव. शपथ आहे तुले."

मुंगसानं तोंड वर केलं. वळलं आणि पाहिलं माझ्याकडे. बारीक लालसर डोळे, मिशीला भाताचं शीत. सबंध तोंड दाखवलं त्यानं.

पोट्ट्याचा उभा कान हलला. मग पडलेला हलला. पुढचे दोन्ही पाय गोधडीवर रेटले गेले, मान बोटभर वर आली. मला वाटलं, उठतो आता. घशातून काहीतरी आलं. ते भुंकणं नव्हतं. दार नीट न लागता वाऱ्यानं हलावं तेवढा आवाज. मान परत खाली गेली, पुन्हा वर यायला धडपडली. तो आपलं काम करू पाहत होता.

आणि मुंगूस हललं नाही. इतकी वर्षं नुसत्या नखांच्या आवाजाला पळणारं जनावर, ते उभं राहिलं आणि त्याच्याकडे बघत राहिलं. मी मनात म्हणत होतो, जा ना रे, पळ. तुझ्या पाया पडतो, पळ. ते पुन्हा पातेल्यात तोंड घालायला वाकलं.

मी मांडीवरची ताटली उचलली आणि कपडे धुवायच्या दगडावर आपटली. सगळ्या हयातीत माझ्या हातून भांडं पडलं नव्हतं. केवढा आवाज झाला! साली उडाल्या, पोपट उठले, मुंगूस शेपटी फुलवून भोकात गडप झालं. मी पोट्ट्याजवळ गुडघ्यावर बसलो. "पळालं रे," मी म्हटलं. "पळवलं तू. आता नाई येत ते परत." शेपटीचं टोक एकदा उचललं गेलं आणि गोधडीवर पडलं. मग त्यानं डोकं माझ्या पायाला टेकलं आणि निवांत पडला.

ऊन पेरूखालून भिंतीकडे निघालं. मी बाज सरकवली नाही, गोधडी ओढली नाही. तसाच बसून राहिलो, हात त्याच्या स्वेटरवर. पोरं कुठेतरी ओरडत होती. ताटलीच्या आवाजानं न उठलेली मांजरी काही वेळानं उठली. तिनं अंग ताणलं, त्याच्या पोटाचा वास घेतला आणि कूलरवर जाऊन बसली. ती का उठली ते मला माहीत होतं. तरी मी माझा हात बराच वेळ तिथेच ठेवला.

मिक्सर केव्हाच थांबला होता. बायको वाटीत लाडू घेऊन बाहेर आली, गूळ बरोबर पडला का ते मला चाखायला द्यायला. तिनं आधी कूलरवरच्या मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटी बाजेवर ठेवली आणि पलीकडे जमिनीवर बसली. त्याचे दोन्ही कान तिनं एकेक करून हातानं सारखे केले. पडलेला पुन्हा पडला. ती रडली नाही. माझंच नाक वाहत होतं.

बऱ्याच वेळानं तिला पातेल्याशी सांडलेली शितं दिसली, दगडाजवळ पोचा पडलेली ताटली दिसली.

"आलतं का ते?" तिनं विचारलं.

"आलतं," मी म्हणालो.

"मंग? तुम्ही म्हटलं?"

"म्हटलं."

"अन् याने?"

मी तिच्याकडे न पाहता त्याच्या स्वेटरावरच्या संत्र्याच्या साली वेचत होतो. "भुंकला ना," मी म्हणालो. "उठून भुंकला. यानंच पळवलं त्याले."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लेकीचं पुसायची तसं.

"हो," ती म्हणाली. "आतपर्यंत ऐकू आलं मले."